घोडा, वाघ आणि जज्ज : डेट्रॉइटची एक फेरी

बुधवार : ट्रॉय

मसल कार, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेली वेगवान अमेरिकन गाडी. तिचं वेड मला लागलं ते इंजिनामुळे. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचं ओतकामाचं काम आहे. बीड वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालेला माल साफ करून मशीनशॉपला पाठवायचा. सहा-सात लिटरचा बिडाचा व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचा, ब्लॉक म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसाला देवदर्शनच. पण साठच्या दशकातल्या त्या अमेरिकन गाड्यांबद्दल वाचत गेलो तसं दिसलं, की त्यांच्या गोष्टीत इंजिनिअरइतकीच जाहिरातवाल्यांची नावं येतात, काही ठिकाणी तर आधी येतात. हे सगळं जिथे घडलं ती जागा, मिशिगनमधलं डेट्रॉइट शहर, बघायची फार दिवसांची इच्छा होती.

ताई आणि दाजी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय गावात राहतात. दाजी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. या भागात अशी मराठी घरं बरीच आहेत, गाड्यांच्या कामासाठीच पुण्याहून, चिंचवडहून, नाशिकहून आलेली. "यायचं तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारच्या बेतानं या," असं दाजींनी बजावलं होतं. त्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो.

संध्याकाळी पोचलो, पिठलं-भात खाल्ला आणि लगेच शेजारच्या गॅरेजमध्ये गेलो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, आयुष्यभर जनरल मोटर्सच्या लाइनवर काम केलेले. ताईच्या घरी सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांच्याकडे जनरल मोटर्सच्याच ब्रँडची, १९६६ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ आहे आणि फळीवर जुन्या मासिकांची खोकी. गाडीवर आच्छादन होतं. "ती शुक्रवारी," असं म्हणून त्यांनी आधी मासिकं काढली.

त्यातली पाँटिअ‍ॅकची एक जाहिरात मी बराच वेळ बघत बसलो. फोटो नाही, रंगवलेलं चित्र. संध्याकाळचं हॉटेल, दिव्यांचा पिवळा उजेड, पायऱ्यांवर नटूनथटून उभी माणसं आणि पुढे गाडी. गाडी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेली, जमिनीला टेकलेली, प्रत्यक्षात नसेल इतकी रुंद. आर्ट फिट्झपॅट्रिक फक्त गाडी रंगवायचे. माणसं, झाडं, आकाश हे सगळं व्हॅन कॉफमन यांचं. १९५९ ते १९७१ ही जोडी पाँटिअ‍ॅकसाठी अशी चित्रं करत होती. फोटोच्या काळात कंपनीने मुद्दाम चित्रकार ठेवले, कारण कॅमेऱ्याला गाडी रुंद करता येत नव्हती.

रुंदीचा हा सोस आला १९५९ च्या 'वाइड ट्रॅक' मोहिमेतून. त्याआधी पाँटिअ‍ॅक ही निवृत्तीला आलेल्या शिक्षकांची गाडी समजली जायची. १९५६ मध्ये बंकी नडसन तिथे प्रमुख झाले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते बॉनेटवरच्या दोन चंदेरी पट्ट्या काढून टाकायचं. त्या पट्ट्या ही वर्षानुवर्षं पाँटिअ‍ॅकची ओळख होती. नडसन यांचं म्हणणं असं, की तरुणाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, म्हाताऱ्याची गाडी तरुणाला विकता येत नाही. युद्धानंतर १९४६ पासून जन्मलेली प्रचंड पिढी लवकरच परवाना काढायच्या वयात येणार होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत डेट्रॉइटमध्ये जे काही झालं, ते या एका गणितावर उभं आहे.

गुरुवार : डिअरबॉर्न

दिवसभर हेन्री फोर्ड म्युझियम. दालनं इतकी मोठी की वाफेच्या रेल्वे इंजिनाजवळून जातानाही आपण आतच आहोत हे लक्षात यायला वेळ लागतो. मला बघायची होती एकच पांढरी गाडी : अनुक्रमांक १ ची मस्टँग.

तिची गोष्ट छान आहे. ही गाडी विकायची नव्हती, नुसती दाखवण्यासाठी कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलँडमधल्या सेंट जॉन्सच्या डीलरकडे पाठवली होती. तिथल्या कॅप्टन स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाने ती बघितली आणि विकत घेऊन टाकली. फोर्डला ती परत मिळवायला दोन वर्षं लागली. दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर १९६६ मध्ये, दहा लाख एक क्रमांकाची नवी मस्टँग देऊन, त्यांनी ही परत घेतली.

मस्टँगला काटेकोरपणे कोणी मसल कार म्हणत नाही, ती वेगळ्या जातीची, 'पोनी कार'. पण ही गाडी बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही. मी फरशीवर उकिडवा बसून खालून जितकं दिसेल तितकं बघितलं. खाली आहे ती फाल्कन, म्हणजे फोर्डची साधी, स्वस्त, घरगुती गाडी. वर लांब बॉनेट, आखूड मागची बाजू आणि जाळीत धावणारा घोडा. पायाभूत किंमत २,३६८ डॉलर. त्या पैशात सहा सिलिंडरचं साधं इंजिन मिळायचं. मग यादीतून हवं ते निवडायचं : व्ही-एट, चार गिअर, रंग, चाकं. स्वतःची गाडी स्वतः घडवा, असंच जाहिरात म्हणायची. कॉलेजातली मुलगी आणि शर्यतीचा शौकीन, दोघांनाही तीच गाडी आपली वाटली.

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत ती लोकांपुढे आली. आदल्या रात्री तिन्ही टीव्ही नेटवर्कवर एकाच वेळी तिच्या जाहिराती लागल्या. कोणतंही चॅनेल लावा, समोर मस्टँगच. त्याच आठवड्यात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्हींच्या मुखपृष्ठांवर फोर्ड विभागाचे प्रमुख ली आयकोका आणि ही गाडी. पहिल्या दिवशी २२,००० मागण्या नोंदल्या गेल्या आणि पहिल्या वर्षात चार लाखांवर गाड्या गेल्या.

आजोबांच्या खोक्यात मस्टँगची एक जाहिरात होती. वोल्फगँग नावाचा एक बुजरा गृहस्थ, मोजक्या मित्रांसमोर हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखं जुनं वाद्य वाजवणारा. मग त्याने मस्टँग घेतली आणि त्याचं आयुष्यच पालटलं. सगळी जाहिरात एवढीच. इंजिनाबद्दल जवळजवळ काही नाही. गाडी तुम्हाला कुठे नेईल हे सांगायच्या ऐवजी ती तुम्हाला कोण बनवेल हे सांगितलं होतं. माझ्या मते अमेरिकन गाड्यांच्या विक्रीतला मोठा बदल इथेच झाला, आणि तो फोर्डने अगदी उघडपणे, प्रामाणिकपणे केला. वोल्फगँगला बघून कोणी फसलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच म्युझियममध्ये फ्रान्समधली १९६७ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली लाल फोर्ड मार्क फोर आहे. डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी ती चालवली होती. तिच्यावर अजून त्या शर्यतीची मळकी पुटं आहेत. त्या काळात फोर्डचं घोषवाक्य होतं 'टोटल परफॉर्मन्स', आणि डीलर म्हणायचे, रविवारी जिंका, सोमवारी विका. १९५७ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी आपसांत ठरवून शर्यतींपासून लांब राहायचं कबूल केलं होतं. १९६२ मध्ये फोर्डने तो करार झुगारला. जनरल मोटर्सने मात्र जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सगळ्या शाखांना पुन्हा ताकीद दिली : शर्यती बंद. ही ताकीद लक्षात ठेवायची, उद्या ती कामाला येणार आहे.

दुपारी रूज कारखान्याची सहल केली. आता तिथे पिकअप ट्रक बनतात. १९६४ ते २००४ मस्टँग याच आवारात जोडली जायची.

शुक्रवार : रॉयल ओक, बर्मिंगहॅम, ब्लूमफील्ड हिल्स

सकाळी आच्छादन निघालं. गडद निळी जीटीओ, ब्लॉक मूळचाच. आजोबांनी बॉनेट उघडलं आणि मी वाकलो. ३८९ घनइंच, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. वर एका ओळीत तीन कार्ब्युरेटर, त्याला ट्राय-पॉवर म्हणतात. ३६० हॉर्सपॉवर. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी टॉर्च मारून त्यांनी मला ब्लॉकवर ओतून आलेला तारखेचा संकेत दाखवला : एक अक्षर आणि पुढे आकडे. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. मग दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. अक्षराच्या एका कडेला बीड थोडं भरून आलं होतं, साच्यातली वाळू तिथे किंचित झडली असणार. पाँटिअ‍ॅक गावातल्या त्यांच्याच फाउंड्रीत कुठल्या तरी दिवशी कुणीतरी या साच्याची पेटी बंद केली होती. मी बोट फिरवून बघितलं. माझ्यासाठी या सहलीतला सगळ्यात मोठा क्षण हाच.

आता गंमत अशी, की हे इंजिन १९६४ मध्ये नवीन नव्हतं. पाँटिअ‍ॅकच्या मोठ्या गाड्यांत ते आधीपासून बसत होतं. शर्यती बंद झाल्यावर जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनिअर मंडळींनी ते मधल्या आकाराच्या हलक्या टेंपेस्टमध्ये बसवून बघितलं. दोन्हींचे माउंट तेच असल्यामुळे इंजिन सहज बसलं. अडचण नियमाची होती. जनरल मोटर्सच्या नियमाप्रमाणे या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचाहून मोठं इंजिन घालायचं नाही. पण हा नियम नव्या मॉडेलला लागू होता, जास्तीच्या साहित्याच्या पॅकेजला नाही. म्हणून जीटीओ आली ती टेंपेस्टच्याच लमाँ मॉडेलवरचं साधारण २९५ डॉलरचं पॅकेज म्हणून. पाँटिअ‍ॅकचे प्रमुख पीट एस्टिस यांनी स्वतःच्या जबाबदारीवर होकार दिला. विक्रीप्रमुख फ्रँक ब्रिज यांच्या अंदाजाने ५,००० खपल्या तरी पुष्कळ. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. वरच्या मजल्यावर बातमी पोचली तोवर माघार घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रॉयल ओकच्या मेन स्ट्रीटवर आजोबांनी गाडी हळू केली. इथे रॉयल पाँटिअ‍ॅक नावाची डीलरशिप होती, एस विल्सन यांची. आज ती नाही. या दुकानाने जिम वँगर्स या माणसाला हाताशी धरलं, किंवा वँगर्सनी दुकानाला. वँगर्स पाँटिअ‍ॅकच्या जाहिराती करणाऱ्या मॅकमॅनस, जॉन अँड अ‍ॅडम्स या एजन्सीत होते. नुसते कॉपी लिहिणारे नव्हते. १९६० मध्ये डेट्रॉइट ड्रॅगवेवर भरलेल्या सरळ पट्टीवरच्या राष्ट्रीय शर्यतीत रॉयलची कॅटलिना गाडी चालवून त्यांनी स्वतः विजेतेपद मिळवलं होतं. रॉयलवाले गाड्यांना 'बॉबकॅट' पॅकेज लावून द्यायचे : पातळ हेड गॅस्केट, कार्ब्युरेटरचे वेगळे जेट, डिस्ट्रिब्युटरची नवी जुळणी. आणि गाडीच्या मागे लावलेलं 'बॉबकॅट' हे नाव कशाचं? बॉनव्हिल आणि कॅटलिना या गाड्यांच्या नावांतली धातूची अक्षरं सुटी करून जुळवलेलं. हे किट टपालानेही देशभर जायचं.

या माणसाचं वेगळेपण मला इथे दिसतं. तो दिवसा एजन्सीत बसायचा आणि रात्री वुडवर्डवर पोरांमध्ये असायचा. पोरं काय बोलतात, कोणाला हसतात, कुठला आवाज ऐकून मान वळवतात हे त्याला ऐकून माहीत होतं. मार्केटिंगच्या वर्गात ज्याला संशोधन म्हणतात, ते तो गाडीच्या काचा खाली करून करत होता.

मग तो मार्च १९६४ चा 'कार अँड ड्रायव्हर'चा अंक. मुखपृष्ठावर पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ समोरासमोर. नाव मुळात फेरारीचं, डीलोरियननी ते सरळ उचललं आणि युरोपच्या गाड्यांचे अनेक भक्त त्यावर संतापले. अंकात आकडा छापला : ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत. प्रत्यक्षात चाचणीला फेरारी आलीच नव्हती, तुलना कागदावर झाली. आणि चाचणीला पाठवलेल्या पाँटिअ‍ॅकमध्ये ३८९ नव्हे, ४२१ घनइंचाचं इंजिन गुपचूप बसवलेलं होतं. हे पुढे वँगर्स यांनी स्वतःच सांगितलं.

यावर आजोबा आणि माझं पटलं नाही. त्यांच्या मते सगळेच तसं करत होते आणि वाचणाऱ्यांनाही त्याची कल्पना होती. मला ते मान्य नाही. माल तपासायला येणाऱ्याला वेगळाच तुकडा दाखवायचा, हे आमच्या धंद्यात झालं तर गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही. वँगर्स यांची हुशारी मला मनापासून आवडते, पण हा आकडा खोटा होता आणि वीस वर्षांच्या पोरांनी त्यावर विश्वास ठेवून तीन-तीन वर्षांचे हप्ते भरले. वोल्फगँगची जाहिरात आणि हा आकडा एकाच पारड्यात टाकायला मी तयार नाही.

बाकी मोहीम मात्र अफाट. जीटीओवरचं एक गाणं १९६४ मध्येच बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. जीटीओ नावाचे बूट दुकानांत आले. जाहिरातीत वाघ आला, टायरही 'टायगर पॉ' नावाचे. १९६६ मध्ये ९६,९४६ गाड्या खपल्या. त्या आकड्यातली एक आमच्या खाली धावत होती.

बर्मिंगहॅमच्या पुढे वुडवर्डच्या दुभाजकात वळणं आहेत. मिशिगनमध्ये अशा दुभाजकवाल्या मोठ्या रस्त्यांवर बहुतेक चौकांत थेट डावीकडे वळायचं नाही. पुढे जाऊन दुभाजकातल्या फटीतून उलटं फिरायचं. त्यामुळे आठ पदरी वुडवर्ड हा आपोआप एक लांबलचक फेरा होतो : ड्राइव्ह-इन हॉटेलापासून निघा, वर जा, वळा, परत या, सिग्नलला शेजारच्याकडे बघा. १९६८ च्या पाँटिअ‍ॅकच्या एका जाहिरातीत जीटीओ अशाच वळणावर रस्त्याकडे तोंड करून थांबलेली दिसते. मजकूर जेमतेम ओळभर : ही पाँटिअ‍ॅकची 'ग्रेट वन', पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. इथल्या पोराला खरंच ठाऊक होती. ज्याने वुडवर्ड कधी पाहिला नाही अशा टेक्ससच्या पोरालाही ती ठाऊक असल्यासारखी वाटली. आजोबांनी तशाच एका वळणावर गाडी थांबवून दाखवली. इंजिन मंद चाललं होतं तरी सीट हलत होती.

शनिवार : वुडवर्ड ड्रीम क्रूझ

१९९५ मध्ये फर्नडेल गावात मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी उभा करायचा म्हणून हे सुरू झालं. आता फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत साधारण २५ किलोमीटर रस्ता भरतो. संयोजकांच्या अंदाजाने ४०,००० गाड्या आणि दहा लाख माणसं. सकाळी सातला आम्ही घडीच्या खुर्च्या, पोहे आणि चहाचा थर्मास घेऊन रॉयल ओकमध्ये फुटपाथवर बसलो. नऊपर्यंत जागा उरली नव्हती. हवेत न जळलेल्या पेट्रोलचा वास, डोळे चुरचुरतात, आणि तरी उठवत नाही.

दिवसभरात मला सगळ्यात जास्त आवडलेली गाडी दिसायला अगदी साधी होती : १९६८ ची प्लिमथ रोडरनर. मालकाने आत डोकावू दिलं. पुढे सलग बाक, खाली गालिच्याऐवजी रबराची मॅट, दाराला काही नाही. वजन आणि पैसा दोन्ही वाचवून सगळं इंजिनात घातलेलं. ३८३ घनइंच, ३३५ हॉर्सपॉवर आणि किंमत २,८९६ डॉलर. जीटीओ महाग होत चालली होती आणि ज्या पोरांनी तिला मोठं केलं त्यांनाच ती परवडेना, ही फट प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लरच्या लोकांनी हेरली. मग एवढ्या उघड्या-बोडक्या गाडीला शान कुठून आणायची? वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर देऊन त्यांनी कार्टूनमधल्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र घेतलं. आणि हॉर्न! मालकाने वाजवून दाखवला : बीप-बीप, थेट त्या पक्ष्याचा. हॉर्नवर 'व्हॉइस ऑफ रोडरनर' असं लिहिलेलं लेबल आहे. गालिचा काढून टाकायचा आणि हॉर्नवर मेहनत घ्यायची, हा निर्णय ज्याने घेतला त्याला गिऱ्हाईक कळलं होतं. पहिल्याच वर्षी ४५,००० च्या आसपास गाड्या गेल्या, पुढच्या वर्षी ८०,००० च्या वर.

त्याला उत्तर म्हणून १९६९ मध्ये पाँटिअ‍ॅकने आणली 'द जज्ज'. आधी स्वस्त गाडी करायचा बेत होता, डीलोरियननी तो मोडला आणि उलट ३३२ डॉलर जास्तीचं पॅकेज केलं : भडक नारिंगी रंग, मागे पंख, अंगावर पट्टे. नाव टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या गाजलेल्या वाक्यावरून. आमच्यासमोरून एक जज्ज गेली तेव्हा माझी भाची टुणकन उठली. तिला इंजिनाशी काही देणंघेणं नव्हतं. रंगाने काम केलं.

रंगांचा विषय निघालाच आहे तर क्रायस्लरच्याच डॉज या ब्रँडबद्दल सांगायलाच हवं. १९६८ पासून त्यांनी आपल्या वेगवान गाड्यांच्या मागच्या भागावर भुंग्यासारखा पट्टा ओढला आणि त्या सगळ्यांना 'स्कॅट पॅक' असं टोळीचं नाव दिलं. १९७० पर्यंत रंगांना प्लम क्रेझी, गो मँगो, सबलाइम अशी नावं पडली. प्लम क्रेझी म्हणजे जांभळा, पण असा जांभळा की उन्हात नजर ठरत नाही. डॉज आणि प्लिमथच्या नाकवाल्या, उंच पंखांच्या चार्जर डेटोना आणि सुपरबर्डही दिसल्या, भोवती गर्दी. नासकार या अमेरिकन शर्यतमालिकेत उतरायचं तर तशा गाड्या लोकांना विकाव्या लागत, म्हणून या रस्त्यावर आल्या. मला त्या बघायला आवडतात, पण त्यांची गोष्ट शर्यतीची, वुडवर्डची नाही.

फर्नडेलच्या टोकाला फोर्डची मस्टँग अ‍ॅली लागते. दुपारी तिकडे चालत गेलो. शेकडो मस्टँग रांगेत, नव्या-जुन्या. इथे डेट्रॉइटच्या कंपन्या अजूनही मंडप टाकतात आणि नव्या गाड्या जुन्यांच्या शेजारी लावतात.

रविवार : पाँटिअ‍ॅक

वुडवर्डचं वरचं टोक. ओडावा जमातीच्या ज्या सरदाराने १७६३ मध्ये ब्रिटिशांशी लढा दिला, त्याच्या नावाचं हे गाव, आणि गावावरून गाडीचं नाव. जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आता एम-१ कॉन्कोर्स आहे : हौशी लोकांची खाजगी गॅरेजं आणि ट्रॅक. फाउंड्रीची खूण शोधायची मला ओढ होती. आजोबा जिथे बोट दाखवत होते तिथे गवत आणि कुंपण होतं.

हे सगळं संपलं कसं, ते त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. लोक सरसकट १९७३ च्या तेलटंचाईचं, अरब देशांनी तेल बंद केलं त्याचं, नाव घेतात. पण जीटीओचा खप १९७० मध्येच ४०,१४९ वर आला होता, १९७१ मध्ये १०,५३२, १९७२ मध्ये ५,८०७. तेल बंद व्हायच्या आधीच गाडी आजारी होती.

कारण तिची प्रतिमा. मार्च १९६६ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटसमोर राल्फ नेडर यांची माफी मागावी लागली, कारण गाड्यांच्या सुरक्षिततेवर लिहिणाऱ्या नेडर यांच्या मागे कंपनीने माणसं लावली होती. त्याच वर्षी सुरक्षिततेचा कायदा झाला. अशा वेळी गुरगुरणारा वाघ जाहिरातीत शोभेना. वरिष्ठांनी तो बंद करायला लावला. तीन कार्ब्युरेटरही १९६७ पासून गेले. मग विमा कंपन्या. जाहिरातींनी ज्या गाडीला रस्त्यावरचा वाघ म्हणून देशभर गाजवलं होतं, तिला विम्याच्या तक्त्यात वेगळं काढणं सोपंच होतं. वजन आणि हॉर्सपॉवरचं प्रमाण बघून जास्तीचा हप्ता लागू लागला, आणि पंचविशीच्या आतल्या मुलाला तो झेपेना. म्हणून कंपन्यांनी उलटं सुरू केलं : ताकद कमी लिहायची. शेव्हरोलेची कॅमारो झेड-२८ कागदावर २९० हॉर्सपॉवरची होती, पण ती त्याहून बरीच जास्त काढायची हे चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. सुरुवातीला आकडा फुगवून विकलेली गाडी शेवटी आकडा दाबून विकावी लागली. १९७१ पासून धुराच्या नियमांसाठी जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, त्याबरोबर ताकदही उतरली. तेल बंद झालं ते त्यानंतर.

२००९ मध्ये पाँटिअ‍ॅक हा ब्रँडच बंद करायचं जाहीर झालं. आजोबा त्याबद्दल काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सोमवार : हॅमट्रॅमक आणि रोझा पार्क्स बुलेव्हार्ड

दाजींनी रजा टाकली होती. म्हटलं, जाहिरातींत जे नाही ते आज बघू.

आजोबांच्या त्या खोक्यांतल्या शेकडो पानांवर मला एकही काळा चेहरा दिसला नव्हता. वुडवर्डवरची ती फेरी एट माइल रस्त्याच्या उत्तरेच्या, गोऱ्या उपनगरांची होती. खाली डेट्रॉइट. रोझा पार्क्स बुलेव्हार्ड आणि क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर गॉर्डन पार्क आहे. २३ जुलै १९६७ च्या पहाटे इथेच काळ्या लोकांचा पोलिसांविरुद्धचा उठाव पेटला, तेव्हा या रस्त्याचं नाव ट्वेल्थ स्ट्रीट होतं. ४३ माणसं मेली. त्यानंतर दोनेक महिन्यांत १९६८ च्या गाड्या शोरूममध्ये आल्या, त्याच रंगीत चित्रांसह.

हॅमट्रॅमकमध्ये डॉज मेन हा प्रचंड कारखाना होता. १९८० मध्ये तो बंद पडला, पुढच्या वर्षी पाडला. १९७० ची चॅलेंजर, प्लम क्रेझीवाली, इथून निघायची. मे १९६८ मध्ये इथल्या कामगारांनी लाइनचा वेग वाढवल्याच्या विरोधात अचानक काम थांबवलं. काळे-गोरे दोन्ही बाहेर पडले होते, शिक्षा मात्र मुख्यतः काळ्या कामगारांना झाली. त्यातून 'ड्रम' ही त्यांची संघटना उभी राहिली. शोरूममध्ये भुंग्याच्या पट्ट्याने वेग विकला जात होता आणि इथे लाइनच्या वेगाने माणसं मेटाकुटीला आली होती. मी स्वतः कारखाना चालवतो. पाळीत किती पेट्या ओतायच्या यावरून आमच्याकडेही ताणाताणी होते, आणि तेव्हा कुणाचा घाम निघतो ते मी रोज बघतो. डॉज मेनच्या माणसांना एकाही जाहिरातीत जागा मिळाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या जागेवर आता जनरल मोटर्सचा फॅक्टरी झीरो आहे, तिथे विजेच्या गाड्या बनतात. डॉजनेही विजेची चार्जर डेटोना काढली आहे. तिला इंजिन नाही, म्हणून तिच्यासाठी एक्झॉस्टसारखा आवाज काढणारी खास यंत्रणा बसवली आणि साठच्या दशकातलं जुनं त्रिकोणी चिन्ह परत आणलं. दाजींना हे पटत नाही. मला मात्र ते सरळसरळ जुन्याच वाटेवरचं वाटतं. रोडरनरच्या हॉर्नवर ज्या कारणाने मेहनत घेतली, त्याच कारणाने हेही.

कोणाला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. शनिवारी गाडी घेऊन वुडवर्डवर शिरू नका, तासन्‌तास अडकाल. बाजूच्या गल्लीत लांब लावा आणि चालत या. खरी मजा गुरुवार-शुक्रवारच्या संध्याकाळी असते, तेव्हा मालक निवांत असतात आणि बॉनेट उघडून दाखवतात. पण विचारल्याशिवाय हात लावू नका. हेन्री फोर्डला पूर्ण दिवस ठेवा. आणि हॅमट्रॅमकला नक्की जा, अर्धा दिवस पुरतो. तिथे बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही, म्हणून आधी थोडं वाचून जा.